माझ्या कानांनी शब्द फिरवला

नमस्कार मंडळी. आज एक कबुली द्यायचीय. दोन वर्षांपूर्वी कोणी माझ्यासमोर हायपरपॉप या संगीतप्रकाराचं नाव काढलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, तो गोंगाट आधी बंद कर. म्हणायचेच मी. माझी भाची दार लावून तेच ऐकत बसायची आणि बाहेर मला काय ऐकू यायचं, तर खारीसारखा चिरका आवाज, मधूनच पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखं, मग सेकंदभर चिडीचूप, की परत धडाम. एकदा तर मी दार वाजवून विचारलं, अगं स्पीकर फाटलाय का तुझा? तिने जी नजर टाकली ती अजून आठवते.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2013 मध्ये लंडनमध्ये ए. जी. कुक नावाच्या मुलाने पीसी म्युझिक नावाचं लेबल काढलं, पॉपमधलं जे जे गोडगुलाबी, चकचकीत, जाहिरातीसारखं असतं ते सगळं मुद्दाम दहापट करायचं असा एकंदर कारभार. त्याच सुमारास सोफी ही ग्लासगोची प्रोड्युसर पुढे आली. मग 2019 मध्ये हंड्रेड गेक्स या अमेरिकन जोडगोळीचा जेमतेम 23 मिनिटांचा अल्बम आला, त्याच वर्षी स्पॉटिफायने हायपरपॉप नावाची प्लेलिस्ट काढली आणि बारसं झालं. ज्यांच्यावर हे नाव चिकटलं त्यातल्या बऱ्याच जणांना ते आवडत नाही, पण नावं काय, चिकटतातच.

माझी मुख्य तक्रार होती गळ्याची. कान मींडेवर वाढलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा जो घसरतो, मधल्या जागा दाखवत जातो, गाण्यातला जीव तिथेच असतो अशी पक्की समजूत. आणि इथे नेमकं तेच कापलेलं. ऑटोट्यून, म्हणजे गाणाऱ्याचा हललेला सूर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर, आलं 1997 ला, ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून येणाऱ्या लहरींचं गणित करायचे, आणि तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. त्यात एक सेटिंग असतं, सूर किती वेगाने जागेवर आणायचा याचं. ते शून्यावर नेलं की घसरण संपली, आवाज पायऱ्या उतरल्यासारखा टक टक टक. वर तो चढवायचा, पातळ करायचा, एकेक अक्षर कापून कीबोर्डवर वाजवायचं. मी म्हणायचे यात माणूस कुठेय? ज्याला गाता येत नाही त्याने मशीनमागे लपायची ही सोय, दुसरं काय.

तर 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या निनाजिराची या मुलीचा अल्बम आला, आय लव्ह माय कॉम्प्युटर. भाचीने लिंक पाठवली, खाली लिहिलेलं, मावशी प्लीज फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस. मी अर्थातच फोनच्या स्पीकरवर ऐकलं आणि अर्थातच मला ते किरकिरं वाटलं. मग दोन दिवसांनी, काहीशा अपराधी भावनेने, हेडफोन घातले.

मंडळी, अर्धं गाणं खालीच असतं! फोनचा स्पीकर तो बेस देऊच शकत नाही, वरचा चिरका थर तेवढा पोचतो, आणि आपण त्या थरालाच गाणं समजून निकाल देऊन मोकळे. मी इतकी वर्षं दाराबाहेरून निकाल देत होते, तेही बंद दाराच्या.

आणि हो, ही मुलगी स्वतःच्या संगीताला हायपरपॉप म्हणत नाही, तिचा शब्द गर्ल ईडीएम, ईडीएम म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. असू दे. पण तो कापलेला गळा, तो चकचकीतपणा, तो जोर सगळा त्याच घराण्यातला आहे. फरक एवढाच की मला वाटायचं ही मंडळी कायम डोळा मारत गातात, सगळंच चेष्टेवारी, आणि इथे डोळा मारणं नाहीच. नावात लिहिलंय तेच म्हणणं आहे, माझं माझ्या कॉम्प्युटरवर प्रेम आहे. आयपॉड टच नावाचं गाणं आहे, शाळकरी वयात त्या इवल्याशा स्क्रीनवर ऐकलेल्या गाण्याची आठवण, आणि ते मला थेट लागलं, म्हणजे माझी आठवण कॅसेटची आहे, पेन्सिल घालून रीळ गुंडाळायची, पण कळ तीच. आणखी एका गाण्याचं नाव मी रेडिओवर घेऊ शकत नाही, घेतलं तर पुढच्या आठवड्यात इथे दुसरं कोणी बसलेलं असेल. पण त्यातली गोष्ट काय, तर जगात मला याच्याइतकं कोणी ओळखत नाही, आणि हा कोण तर कॉम्प्युटर. पहिल्यांदा हसले. मग रात्री दोन वाजता आपण त्याला काय काय विचारतो ते आठवलं आणि हसू जरा आवरलं.

पण मला खरं गाठलं ते सायरॅक नावाच्या ट्रॅकने. एका जागी बसतच नाही तो, आत्ता हा ठेका, आत्ता भलताच. हे सायरॅक काय ते शोधलं तर निघाला ऑस्ट्रेलियाचा पहिला डिजिटल कॉम्प्युटर, सिडनीत बांधलेला, 1949 मध्ये त्याने पहिला प्रोग्राम चालवला. खोलीभर व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या, मेमरी पाऱ्याच्या नळ्यांत. त्याला एक स्पीकर जोडलेला होता, संगीतासाठी नव्हे हं, प्रोग्राम कुठवर आलाय, संपला की अडकला हे चालवणाऱ्याला कानाने कळावं म्हणून, नुसती खरखर. आणि जेफ हिल नावाच्या प्रोग्रामरने त्या खरखरीतून सूर काढले. सूर म्हणजे तरी काय, सारख्या अंतराने पडलेले ठोके. पण त्या पाऱ्यात आकडा कुठे ठेवलाय त्यावर तो हाती यायला कमी-जास्त वेळ लागायचा, म्हणजे ठोका वेळेवर पडायला प्रत्येक आकडा नेमक्या जागी ठेवायचा, तेव्हा कुठे एक सूर लागणार. 1951 मध्ये कॉम्प्युटरवरच्या एका परिषदेत लोकांसमोर वाजवलं त्याने ते.

आता बघा, तो माणूस मशीनमागे लपत होता असं आपण म्हणू का? सोफीचंही तेच, धातू वाकल्यासारखे, बुडबुडा फुटल्यासारखे ते आवाज कुठून रेकॉर्ड करून आणलेले नसायचे, सिंथसायझरवर साध्या लहरीपासून एकेक घडवलेले असायचे. 2021 च्या जानेवारीत अथेन्समध्ये ती गेली, अवघी 34 वर्षांची. भाची त्या दिवशी जेवली नव्हती आणि मी म्हणाले होते, एवढं काय त्यात. ते वाक्य परत घेता आलं तर हवंय मला.

सगळंच आवडायला लागलंय असं नाही. हंड्रेड गेक्स अजूनही मला सलग ऐकवत नाही, दोन गाण्यांनंतर दाढा दुखतात. ऑटोट्यूनच्या त्या पायऱ्यांना मी मींड म्हणणार नाही, मुरकी मात्र म्हणेन, थोडी हट्टी मुरकी. काल भाचीचा फोन आला तेव्हा मी हेडफोन लावून बसलेले, तीन वेळा उचललाच नाही, आणि चौथ्यांदा उचलला तर म्हणते, मावशी, स्पीकर फाटलाय का गं तुझा?

चला, ऐका आता. आणि फोनवर ऐकत असाल तर हेडफोन घ्या, मी थांबते.