समोरासमोरची दोन पानं

(दृश्य : जाड कागदाचं जुनं पुस्तक, पान उलटणारा हात)

पान जपून उलटावं लागतं. लुइझियानाचा १८०८ सालचा हा कायदेसंग्रह. एका पानावर फ्रेंच, समोरच्या पानावर इंग्रजी. कलम एकच.

(दृश्य : न्यू ऑर्लिन्स, जॅक्सन स्क्वेअर)

ही काबिल्दोची, म्हणजे स्पॅनिश काळातल्या नगरपरिषदेची इमारत. २० डिसेंबर १८०३ रोजी इथल्याच दालनात फ्रान्सनं लुइझियाना अमेरिकेच्या हवाली केलं. राज्य बदललं, पण जमिनीचे, लग्नाचे, वारसाचे व्यवहार फ्रेंच-स्पॅनिश वळणानं चालत आलेले, आणि ते सोडायची लोकांची तयारी नव्हती. नवं सरकार मात्र इंग्रजी बोलणारं. लुई मोरो-लिस्ले आणि जेम्स ब्राउन या दोन वकिलांवर कायदा लिहून काढायचं काम आलं. मजकूर फ्रेंचमध्ये तयार झाला आणि अनुवादक बसले.

(दृश्य : फ्रेंच पानावरचा एकच शब्द, अगदी जवळून)

युझ्युफ्रुई. इथल्या आजच्या कायद्यातलं उदाहरण घेऊ. नवरा मृत्युपत्र न करता गेला. संसारात घेतलेल्या घरातला त्याचा अर्धा वाटा मुलांच्या मालकीचा होतो. पण बायकोनं तिथं राहावं, भाडं आलं तर घ्यावं, मरेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत. तिच्याकडे उपभोग, मुलांकडे नुसती मालकी. इंग्रजी वकिलांच्या तोंडात 'लाइफ इस्टेट', म्हणजे हयातीपुरती मालकी, हा शब्द तयार होता. तो उचलला असता तर काम पटकन झालं असतं. पण इंग्रजी कायद्यात 'इस्टेट' म्हटलं की मालकीचेच काळाप्रमाणे तुकडे पडतात. फ्रेंच कायद्यात मालकीचे असे काळाप्रमाणे तुकडे पडत नाहीत, तिच्यावर दुसऱ्याच्या उपभोगाचा भार असतो. म्हणून इंग्रजी पानावर आला 'युझुफ्रक्ट'. नुसत्या मालकीला इथली कोर्टं आजही 'नेकेड ओनरशिप' म्हणतात, उघडी मालकी. कानाला खटकणारे शब्द, पण अर्थाला इमान राखणारे.

'इम्मब्ल'चंही, म्हणजे स्थावर मालमत्तेचंही तसंच. 'रिअल प्रॉपर्टी' सोडून 'इमूव्हेबल' घेतला. आपल्याला हे परकं वाटू नये, आपण स्थावर-जंगम म्हणतोच.

(दृश्य : दोन्ही पानं एका चौकटीत)

सगळीकडे असं साधलं नाही. नुकसानभरपाईच्या कलमात माणसाच्या ज्या कुठल्या 'फे'मुळे दुसऱ्याचं नुकसान होतं, तो 'फे' इंग्रजीत 'अ‍ॅक्ट' झाला. 'फे'मध्ये केलेली कृती येते, तशी घडलेली गोष्टही येते. 'अ‍ॅक्ट'मध्ये फक्त कृती उरली. त्याच वाक्यातल्या 'फोत'चा मात्र 'फॉल्ट' म्हणजे दोष केला, 'नेग्लिजन्स' म्हणजे निष्काळजीपणा नाही, आणि तिथं अनुवादक बरोबर होता. लुइझियानाच्या आजच्या दिवाणी संहितेच्या २३१५ कलमात हे दोन्ही शब्द जागेवर आहेत.

१८२५ ची संहिताही फ्रेंचमधूनच इंग्रजीत आली. चुका राहिल्या, खटले झाले, आणि दोन पाठांत फरक दिसला तर फ्रेंच पाठ धरायचा असं कोर्टांनी ठरवलं. १८७० ची संहिता फक्त इंग्रजीत निघाली, जुन्या चुकांसकट.

(दृश्य : रॉयल स्ट्रीट, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची पांढरी इमारत. मग पुन्हा पुस्तक.)

जुन्या कलमाच्या इंग्रजी शब्दावर गाडी अडली, की इथला वकील अजूनही १८२५ चं पुस्तक काढतो. बोट इंग्रजी ओळीवर ठेवतो आणि नजर समोरच्या पानावर नेतो.