काट्यावरचं ॲप: कॉटलिन की फ्लटर?

(दृश्य: लातूरचा आडत बाजार. सोयाबीनचे ढीग, वजनकाटा, हमालांची लगबग.)

निवेदन:

सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या बाजारात काट्याला उसंत नसते. कट्टा चढतो, वजन होतं, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. ही पट्टी मोबाईलवर करून द्या, असं काम गावातल्या एका छोट्या ऑफिसकडे आलंय. पोरं हुशार आहेत, म्हणून वादही तिथूनच सुरू. खास अँड्रॉइडसाठी कॉटलिन भाषेत लिहायचं, की फ्लटर या टूलमध्ये एकदाच लिहून आयफोनवरही चालवायचं?

एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायची अशी दोन टूल्स: फेसबुकचं रिॲक्ट नेटिव्ह २०१५चं, गूगलचं फ्लटर १.० डिसेंबर २०१८चं. रिॲक्ट नेटिव्ह फोनचीच बटणं वापरतं. फ्लटर पडद्यावरचं सगळं स्वतः रंगवतं. म्हणून ॲप सगळीकडे सारखं दिसतं, पण रंगवणारं इंजिन सोबत न्यावं लागतं आणि साइज वाढते.

खरी गोम आहे काट्यात. ब्लूटूथवरून वजन वाचायला फ्लटरला प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तयार कोड, लागतं. ते कुणी लिहून तसंच सोडून दिलेलं निघालं, की कॉटलिनला हात घालावाच लागतो. म्हणजे एका भाषेत भागेल म्हणून फ्लटरची डार्ट भाषा शिकायची, आणि अडलं की दुसरीही. छोट्या प्रिंटरचं तर विचारूच नका. बऱ्याच यंत्रांत देवनागरी फाँटच नसतो, त्यामुळे अख्खी पट्टी चित्र बनवून छापायची. इथं टूल कुठलंही घ्या, सुटका नाही.

आणि आयफोन? इथं मुनीम, हमाल, शेतकरी सगळ्यांच्या हातात अँड्रॉइड. आयफोन आहे तो आडत्याच्या पोराकडे. फ्लटर घेतलं तरी आयफोनचं ॲप बांधायला ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं, आणि ते मॅकवरच चालतं. वर ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. गूगल प्लेला २५, तेही एकदाच.

हेच ॲप संभाजीनगरच्या एखाद्या क्लासचं असतं, नुसत्या सूचना आणि वेळापत्रक, तर आम्हीही डोळे झाकून फ्लटर म्हटलं असतं. काट्याशी बोलायचं असेल तर कॉटलिनच बरं. पुढंमागं आयफोन लागलाच, तर कॉटलिनमधला कोड आयफोनवरही वापरू देणारं ‘कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म’ आहे. नोव्हेंबर २०२३ पासून ते स्टेबल आहे. हमाली-तोलाईचा हिशेब तोच ठेवून फक्त पडदे नव्यानं करता येतील.

तोवर आडत्याच्या पोराला पट्टी व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून मिळेल. त्याची कुरकुर चालू आहे.