पार्किन्सन्स आहे? मग बीपी उभं राहूनही मोजा

नमस्कार. घरात पार्किन्सन्सचा पेशंट आहे आणि खाटेवरून उठताना त्यांना घेरी येते? "अशक्तपणा आलाय" म्हणून सोडून देऊ नका.

उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. त्याच क्षणी नसा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सोडतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेग घेतं. पार्किन्सन्समध्ये नेमक्या याच नसा झडत जातात, अगदी हृदयाला जाणाऱ्यासुद्धा. त्यामुळे उभं राहिलं की बीपी पडतं आणि घेरी येते. ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, कारण बिघाड हृदयाला निरोप देणाऱ्या तारेत असतो.

दवाखान्यात बीपी बसवून मोजतात, तिथे हे निसटतं. घरी असं करा: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी लिहा. मग उभं करा, एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच बसवा. पट्ट्याचा हात छातीच्या उंचीवर धरा, लोंबता ठेवला तर आकडा खोटाच जास्त येतो.

वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर हा तोच त्रास. समजा 140/80 चं 105/65 झालं आणि नाडी 72 वरून जेमतेम 78. नुसतं पाणी कमी पडलं असतं, तर नाडी चांगलीच धावली असती. इथे ती धावत नाही, म्हणून नाडीही लिहायची.

आपल्या नागपूरच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे फार वाढतं. घामाने पाणी जातं, उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. भरपेट जेवणानंतरही तसंच. थोडं थोडं जेवा, लगेच उठू नका. सकाळी उठण्याआधी खाटेवर बसूनच दोन मोठे ग्लास पाणी पाच मिनिटांत प्यायला द्या, तासभर आधार मिळतो. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता उलटी बाजू. याच पेशंटपैकी अनेकांचं बीपी रात्री आडवं झाल्यावर चढतं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा ते नऊ इंच उचला. नुसत्या उशा रचून मान दुखते, काम होत नाही. बीपी वाढवणारी मिडोड्रिन सुरू असेल तर शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी.

पार्किन्सन्सची लेव्होडोपा, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, बीपीच्या गोळ्या, सगळ्यांनी बीपी उतरू शकतं. पण स्वतःहून एकही बंद करू नका, लेव्होडोपा तर मुळीच नाही. आठवडाभराचे आकडे आणि गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून न्यूरोलॉजिस्टना दाखवा.