भरल्या ग्लासावरून उठवू नये

(ठाण्यात नौपाड्यातील एका ग्राहक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो आणि भगिनींनो, निमंत्रणपत्रिकेवर ‘परमिट रूममधील ग्राहकाचे हक्क’ असा विषय छापलेला आहे आणि त्या हक्कांकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी मला एका क्रियापदाविषयी बोलायचे आहे. आपण मराठी माणसे मित्राला ‘प्यायला चल’ असे सहसा म्हणत नाही. आपण ‘बसायचे का?’ एवढेच विचारतो, आणि कुठे, कशासाठी हे समोरच्याला सांगावे लागत नाही. मागच्या रांगेत ज्यांना हसू आले, त्यांना व्याख्यानाचा निम्मा भाग समजला आहे असे मी धरून चालतो.

हा शब्द मला अतिशय अचूक वाटतो. वाइन शॉपमध्ये मिळणारी १८० मिलिलिटरची क्वार्टर आपण कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसून घेतो, तेव्हा तिचे जास्त पैसे मोजतो. बाटली तीच, सील तेच, आतला माल तोच. मग वरचे पैसे कशाचे? त्यात कर येतो, परवान्याचे शुल्क येते, हे मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक ते आनंदाने देते ते खुर्चीसाठी, टेबलासाठी, डोक्यावरच्या पंख्यासाठी आणि तास-दीड तास कोणी ‘उठा’ म्हणणार नाही या भरवशासाठी. पानावर वाढल्यावर माणसाला उठवणे हा आपल्याकडे सर्वांत मोठा अपमान मानतात. भरल्या ताटावरून शत्रूलाही उठवू नये असे आपली आजी सांगत असे. भरल्या ग्लासालाही तोच नियम लागू आहे, आणि आज माझे मुख्य म्हणणे तेवढेच आहे.

मी १९८६ साली वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये लागलो. पहिली पाळी साडेतीनला सुटत असे आणि महिन्यातून दोनदा, पगाराच्या व उचलीच्या दिवशी, मी तीन हात नाक्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडला लागून असलेल्या एका साध्या बारमध्ये जात असे. एकटाच जात असे. दिवसभर यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलल्यावर माणसाला कधीकधी तासभर कोणाशीही बोलायचे नसते, हे ज्यांनी कारखान्यात वर्षे काढली आहेत त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. दुपारी चारची वेळ म्हणजे मागच्या टेबलांवर खुर्च्या अजून उलट्या ठेवलेल्या, फरशीला फिनाईलचा वास, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक पोरगा उकडलेली अंडी सोलत बसलेला. मी चार नंबरच्या टेबलावर बसलो की वेटर बिअरची बाटली फडक्याने पुसून आणी, आणि उघडण्यापूर्वी ती माझ्या हाताच्या पाठीला टेकवी. मी मान हलवली की मगच झाकण उडे. मान हलवली नाही, तर एक शब्दही न बोलता तो ती परत नेऊन फ्रीजच्या तळातली दुसरी आणी. सोबत उकडलेल्या शेंगदाण्यांची वाटी, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. त्या एका बाटलीवर मी दीड तास काढी. गल्ल्यावर बसलेल्या अण्णांनी, म्हणजे उडुपीहून आलेल्या मालकांनी, माझ्या टेबलाकडे एकदाही घड्याळ पाहिल्याच्या नजरेने पाहिले नाही, आणि संध्याकाळी गर्दी झाली तरी मला हलवले नाही. एकट्याने अडवलेल्या चार खुर्च्यांचा हिशेब त्यांनाही येत होताच. पण ते गिऱ्हाईक जोडणारे गृहस्थ होते.

अशा जागेत एकटे येणारे आम्ही आणखी तिघे-चौघे होतो. एक रेल्वेतले होते, एक शिंपीकाम करणारे, एकांचा व्यवसाय मला कधीच कळला नाही. आम्हाला एकमेकांचा ब्रँड ठाऊक होता, सोडा लागतो की पाणी हे ठाऊक होते, नावे मात्र ठाऊक नव्हती. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून आमचा बार बंद झाला. महामार्गावर मद्यपी चालकांमुळे होणारे अपघात हे त्या आदेशामागचे कारण होते आणि ते कारण खरेच होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु शटर पडल्यावर लक्षात आले की तीस वर्षे समोरासमोर बसलेल्या त्या माणसांना विचारायचे तर कुठे विचारायचे? कोणाचा नंबर नव्हता, कोणाचा पत्ता नव्हता. मे महिन्यात मासुंदा तलावाच्या कठड्याशी ते शिंपी भेटले, तेव्हा आम्ही दोघे नात्यातली माणसे भेटावीत तसे भेटलो आणि एकमेकांची नावे प्रथमच विचारली. जुलैमध्ये न्यायालयाने ही बंदी महापालिका हद्दीतील परवानाधारकांना लागू नसल्याचा खुलासा केला आणि पावसाळा सरता सरता बार पुन्हा उघडला, तेव्हा रेल्वेतले गृहस्थ मात्र परत आले नाहीत.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे व्याख्यान द्यायला तयार झालो, तो सांगतो. अण्णा थकले, त्यांनी धंदा आवरून गाव गाठले. मी घराजवळचा दुसरा, नव्याने सजवलेला बार शोधला. त्याचे नाव मी घेणार नाही. दारातच गणवेशातल्या तरुणाने विचारले, ‘सर, किती जण?’ मी एक बोट वर केले, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. तरीही भिंतीकडचे टेबल मिळाले. मी एक लार्ज पेग आणि मसाला पापड मागवला. पापड येईपर्यंत चार मुले आली आणि ‘सर, जरा तिकडे बसता का?’ म्हणून मला दोघांच्या टेबलावर नेले. माझा ग्लास वेटरने उचलला, पापड मीच उचलला. दहा मिनिटांनी एक जोडपे आले. मला वॉश बेसिनच्या बाजूला, ये-जा करणाऱ्याचे ओले हात ज्या टेबलावर झटकले जातात, तिथे बसवण्यात आले. तेथेही मी बसलो. ग्लासात अर्धा पेग शिल्लक असताना, मी काही मागितलेले नसताना, बडीशेपेच्या वाटीसह बिलाची काळी वही समोर आली. कोणी अपशब्द वापरला नाही, प्रत्येक वाक्यात ‘सर’ होते, आणि तरीही मला तीन वेळा पंगतीतून उठवले गेले होते. मी पैसे दिले, उरलेला अर्धा पेग तसाच ठेवला आणि घरी आलो. ती गोष्ट मला आजही लागते.

हीच गोष्ट एकट्या स्त्रीच्या वाट्याला आली तर किती कठीण होते, हे माझ्याबरोबर काम केलेल्या एका बाईंनी मला सांगितले. त्या कोपरखैरण्याच्या एका बारमध्ये कामावरून सुटल्यावर बिअर आणि चायनीज घ्यायला बसल्या, तर वेटरने तीनदा ‘मॅडम, कोणी येणार आहे का?’ असे विचारले आणि शेवटी त्यांना वरच्या माळ्यावरच्या फॅमिली सेक्शनमध्ये पाठवले, जिथे त्या पूर्ण वेळ एकट्याच होत्या. माझ्यापुढे निदान प्रश्न टेबलाचा होता. त्यांच्यापुढे तो त्यांच्या तेथे असण्याचाच होता.

येथे कायद्याचे एक बोट धरता येते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, म्हणूनच पाटीवर आजही ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते. तो परवाना टोळक्याच्या नावाने निघत नाही. तो एकेका व्यक्तीच्या नावाने निघतो. म्हणजे कायद्याने ज्याला ओळखले आहे, तो एकटा माणूसच आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत; तेव्हा छापलेला विषय आता भराभर सांगतो.

स्मॉल पेग म्हणजे ३० मिलिलिटर आणि लार्ज म्हणजे ६०. एका क्वार्टरमध्ये सहा स्मॉल बसतात. पेग आपल्या समोर मापाने ओतावा असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्या मापावर वैध मापन विभागाचा पडताळणीचा शिक्का असला पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ गिऱ्हाइके पेग न मागता सीलबंद क्वार्टरच मागतात, ती या मापावर भरवसा नसल्यामुळेच.

बिल वाचताना दोन भाग वेगळे पाहावेत. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. खाद्यपदार्थांवर साध्या बारमध्ये ५ टक्के जीएसटी असतो आणि तो अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो. क्वार्टरवर जीएसटी लावलेला दिसला, तर तेथेच विचारावे. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. टीप वेगळी, ती ज्याने बाटली हाताला टेकवून दाखवली त्याच्या हातात आवर्जून द्यावी. पाण्याच्या बाटलीबद्दल मात्र वाद घालण्यात अर्थ नाही, कारण हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे. तेथेही वरचे पैसे बसण्याचेच धरलेले आहेत. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण, कडक दारूसाठी २५ पूर्ण. तरुण मुलाला वेटरने वय विचारले तर त्याने रागावू नये. तक्रार करायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

राहिला माझा मुद्दा. ३० मिलिलिटरचा पेग २५ भरला तर तो मापातला खोटेपणा ठरतो आणि त्याची तपासणी होऊ शकते. मग ज्या खुर्चीचे पैसे घेतले ती खुर्ची अर्ध्यावर काढून घेतली, तर तेही माप कमीच दिले असे मी मानतो. त्याला शिक्का नाही आणि निरीक्षक नाही. म्हणून येथे बसलेल्या तीन बारमालकांना माझी हात जोडून विनंती आहे की भिंतीकडेला, बेसिनपासून दूर, एकच खुर्ची असलेले एक छोटे टेबल ठेवावे आणि त्यावर बसलेल्या माणसाला, बाईला, त्याने मागितल्याशिवाय बिल नेऊन देऊ नये.

मी वेगवेगळ्या तीन बिलांच्या झेरॉक्स आणल्या आहेत. त्यांतली बारची नावे झाकली आहेत. ज्यांना कर कसा लावतात ते पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी या टेबलाजवळ यावे.