बूडलर आणि प्युअर डेटा: दोघांना बोलतं करताना

नमस्कार श्रोतेहो. आज दोन प्रोग्राम एकमेकांना जोडायचे आहेत. पहिला बूडलर, अँड्र्यू प्लॉटकिन यांनी पायथन या संगणकभाषेत केलेला. यात ओळी लिहून आवाजांचं वातावरण रचायचं, समजा कावळ्यांचं: कावळे कुठले, दोन ओरडण्यांत साधारण किती अंतर, आवाज किती चढा. नेमका क्षण प्रोग्राम निवडतो, म्हणून तासभर ऐकलं तरी तेच ते वाटत नाही. झोपेसाठी म्हणून जो पाऊस विकतात, तो थोड्या वेळानं पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरू होतो. त्याला पाऊस म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. दुसरा प्रोग्राम प्युअर डेटा, म्हणजे पीडी. इथे पडद्यावर एकेक काम करणारे चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे.

या दोघांमधून आवाज न्यायचा नाही. निरोप न्यायचा.

हे कुणी दाखवून दिलं, ते सांगतो. पॅरिसला इर्काम नावाची संगीत-संशोधन संस्था आहे. १९८०च्या दशकात तिथे ४एक्स हे यंत्र होतं, जुझेप्पे दी जुन्यो यांनी घडवलेलं. पियानोचा सूर कानावर येता येता बदलून टाकायची ताकद त्यात होती. त्या सुमारास फिलिप मानुरी ‘प्लुटोन’ ही पियानोची रचना करत होते. त्यांचा आग्रह असा, की वादक वाजवेल तसं यंत्रानं वागायचं. अगदी बरोबर! ध्वनिमुद्रित संगीत लावून वादकाला त्यामागे पळवणं आपल्याकडच्या रंगमंचांवरूनही जायला हवं. तर तिथे मिलर पकेट होते, गणित शिकलेले. त्यांनी मॅकिंटॉश संगणक घेतला. एवढं ध्वनीचं काम त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून पकेटनी त्याच्याकडे आवाज मागितलाच नाही! पियानोची कुठली पट्टी दाबली हे मिडीवरून, म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातल्या निरोपांच्या ठरलेल्या भाषेतून, कळायचं, पडद्यावरचे चौकोन आणि तारा पुढचं ठरवायचे, आणि ४एक्सला आकड्यांचा छोटासा निरोप जायचा. सूर बदलायचा तो ४एक्समध्ये. हे १९८८ साल. त्या प्रोग्रामचं नाव मॅक्स, १९५७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनशाळेत संगणकाकडून संगीत वाजवून घेणाऱ्या मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून ठेवलेलं. पुढे १९९६मध्ये पकेटनीच पीडी लिहिला आणि सगळ्यांना मोफत दिला.

तेव्हा पुन्हा सांगतो: आवाज बूडलर करेल, पीडी निरोप देईल. बूडलर बाहेरचे निरोप ऐकेल असा सुरू करा. पीडीत नेटसेंडचा, म्हणजे निरोप बाहेर पाठवणारा, चौकोन ठेवून त्याच संगणकाशी जोडा. बूडलरसाठी लिहिलेल्या ओळींमध्ये त्या निरोपाची वाट पाहणारा एक एजंट, म्हणजे काय वाजवायचं ते ठरवणारा छोटा भाग, लिहा. पीडी प्रत्येक निरोपाच्या शेवटी अर्धविराम लावतो, तो बूडलरपर्यंत पोचण्याआधी वाटेतच काढून टाका. आणि पीडीतली पडद्यावरची सरकपट्टी हलवली की आकड्यांचा लोंढा येतो, तेव्हा दर सेकंदाला दोनचारच निरोप पुढे सोडा, कावळ्यांना तेवढे भरपूर होतात.