मालधक्का, गोळा आणि चुना

[काळ्या दगडाची इमारत. कॅमेरा मालधक्क्याकडे वळतो.]

जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला १८७० साली. पुढच्याच वर्षी बडनेरा–अमरावती. दोन्ही फाटे कापसासाठी टाकलेले. प्रवाशांचा विचार नंतरचा. म्हणून वऱ्हाडातल्या जुन्या स्टेशनावर उतरलात की आधी मालधक्का बघा, तिकीटघर मागाहून.

धक्क्याचं जोतं वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, तळाला येऊन भिडेल इतकं उंच. रुईची दाबलेली गाठ ३९२ पौंडांची. ती उचलायची नाही, लोळवत थेट वाघिणीत ढकलायची. छप्पर रुळाच्या अंगाला चांगलं पुढे काढलेलं, कारण गाठ भरताना भिजली की रुई काळी पडते आणि भाव पडतो.

[मास्तरांची खोली. टोकन यंत्र, जवळून.]

मास्तरांची खोली इमारतीच्या मध्यावर, फलाटाकडे तोंड करून. यंत्र, तिकिटं आणि किल्ल्या एकाच माणसाच्या हाताशी राहाव्यात, हा त्यामागचा हिशेब.

हे नील्स टोकन यंत्र. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत, एवढंच त्याचं काम. याचा जोडीदार पुढच्या स्टेशनात, मध्ये तार. मास्तर घंटीची कळ दाबून गाडीची परवानगी विचारतात. पलीकडून होकार आला की मूठ फिरते आणि खालच्या खोबणीत लोखंडी गोळा, म्हणजेच टोकन, पडतो. तो बाहेर आहे तोवर दोन्हीकडची यंत्रं दुसरा गोळा सोडत नाहीत.

[गोळ्यावरची अक्षरं.]

गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असतात. ड्रायव्हरने ती वाचूनच गाडी हलवायची. शेजारच्या टप्प्याचा गोळा हातात असेल तर पुढे जायची परवानगीच नाही. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला. सांधेवाला कडं उंच धरतो, इंजिनातला माणूस त्यात हात घालून ते ओढून घेतो. गोळा वाटेत हरवला तर यंत्र बंद ठेवून कागदी लाइन क्लिअरवर, म्हणजे लेखी परवानगीवर, गाड्या सोडाव्या लागतात, आणि मग सगळ्याच गाड्या रखडतात.

[तिकिटाची खिडकी, पुठ्ठ्याची तिकिटं.]

तिकिटं उभ्या खणात रचलेली, ओढायची खालून, म्हणजे क्रमांक चुकत नाही. तारीख उठवणाऱ्या दाबयंत्रात कड सरकवली, खट्, की तिकीट पक्कं. आता संगणकाचं तिकीट आलं, बहुतेक मार्गांवर गोळेही गेले.

[भिंत, दगडाच्या दरजा.]

इमारतीचा खरा शत्रू मात्र सिमेंट. हा बेसाल्ट घट्ट, पाणी धरत नाही; भिंतीतली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. दरजांवर सिमेंट थापलं की वाट बंद होते, ओल आत वळते, गिलाव्यावर खार फुटतो. त्यावर ऑइलपेंट लावला की पोपडे धरायला दोन पावसाळे पुरतात.

दुरुस्ती अशी: सिमेंट छिन्नीनेच काढायचं. ग्राइंडर लावला तर घडीव दगडाच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. दरज इंचभर खोल मोकळी करून धुवायची. एक भाग मुरलेला चुना, दोन-अडीच भाग धुतलेली वाळू. दगड ओला करून थरथराने ठासायचं. मग आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. ठेकेदार घाई करतो ती इथेच, आणि उन्हात वाळलेला चुना नखाने सुटतो.

[फलाटाचे बिडाचे खांब.]

छपराचे हे खांब पोकळ आहेत. पावसाचं पाणी त्यांच्याच पोटातून खाली जातं. पानं अडकली की पाणी आत साचून खांब बुडाशी आतून गंजतो, आणि बाहेरून दिसतो तो फक्त नवा रंग.

[दाराचा उंबरठा, फलाटाच्या खाली.]

जुना फलाट रुळापासून ४५५ मिलिमीटर उंचीचा. तो ८४० वर नेला की इमारतीचं जोतं ३८५ मिलिमीटर गाडलं जातं. त्यात फलाटाचा उतार रुळाकडून भिंतीकडे, म्हणजे पाणी सरळ तिकीटघरात. फलाट उंच करायला हरकत नाही; प्रवाशांना तो हवाच आहे. भिंत आणि नवा फलाट यांच्यात हातभर रुंद मोकळी पन्हळ सोडायची, वर जाळी बसवायची, आणि पन्हळीचं तोंड इमारतीच्या मागच्या नाल्याला जोडायचं. जाळी उचलता येईल अशीच हवी. पक्की बसवली तर गाळ उपसायला कुणी हात घालत नाही.