खिशातला फोन आणि टॉवरची नोंद

[दृश्य : सॅन दिएगोमधला हमरस्ता. कडेला थांबवलेली मोटार, मागे पोलिसांची गाडी.]

२२ ऑगस्ट २००९. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन दिएगो शहरात पोलिसांनी एक मोटार थांबवली. कारण किरकोळ होतं, नोंदणीची मुदत संपली होती. चौकशीत कळलं की चालकाचा परवानाही निलंबित आहे. मग गाडी ताब्यात घेतली गेली, आतल्या वस्तूंची यादी करायला सुरुवात झाली, आणि बॉनेटखाली दोन पिस्तुलं सापडली. चालक डेव्हिड रायली याला अटक झाली. अंगझडतीत त्याच्या खिशातून फोन निघाला.

इथवरचं सगळं नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे होतं. पण मग अधिकाऱ्याने तो फोन चाळायला घेतला. सुमारे दोन तासांनी ठाण्यात दुसऱ्या एका अधिकाऱ्याने त्यातले फोटो आणि व्हिडिओ बघितले. एका फोटोत रायली एका मोटारीसमोर उभा होता. काही आठवड्यांपूर्वीच्या गोळीबारात हीच मोटार वापरली गेली असावी, असा पोलिसांना संशय होता. त्या गोळीबाराच्या खटल्यात रायलीला शिक्षा झाली, १५ वर्षं ते जन्मठेप.

रायली निर्दोष होता, असं इथे कुणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच होता, की तो फोन उघडायची परवानगी पोलिसांना कुणी दिली?

[दृश्य : जुना कागद, पिसाची लेखणी, लाखेची मोहोर.]

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ सालची. तिच्यामागे ब्रिटिश अमलातल्या सरसकट झडतीच्या हुकुमांचा राग होता. त्या हुकुमांवर ना माणसाचं नाव असायचं, ना वस्तूचं. हुकूम हातात असला की अधिकारी वाटेल त्या घरात शिरून वाटेल ते धुंडाळायचे. नव्या घटनेने अट घातली : पोलिसांनी शपथेवर सबळ कारण सांगायचं, कुठे शोधणार आणि काय शोधणार ते नेमकं लिहायचं, आणि मगच न्यायाधीश वॉरंट देणार. या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो. ज्याला शोधायचं आहे, त्यानेच स्वतःला परवानगी देऊ नये.

याला अपवाद होते, आणि त्यातला सर्वांत मोठा अटकेचा. अटक केलेल्या माणसाची झडती वॉरंटशिवाय घेता येते, कारण त्याच्याकडे हत्यार असू शकतं, तो पुरावा नष्ट करू शकतो. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद बराच सैल केला. त्या प्रकरणात अटक केलेल्या माणसाच्या खिशात सिगारेटचं चुरगळलेलं पाकीट होतं. पोलिसाने ते उघडलं, आत हेरॉइनच्या १४ कॅप्सूल निघाल्या. न्यायालय म्हणालं, चालेल.

मग पाकीट उघडलेलं चालतं, तर फोन का नाही? सरकारी वकिलांचा सवाल हाच होता. दोन्ही गोष्टी खिशातच असतात!

[दृश्य : वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालयाच्या संगमरवरी पायऱ्या.]

२५ जून २०१४ ला निकाल लागला, नऊ विरुद्ध शून्य. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स तसे जपून लिहिणारे, पण या निकालपत्रात त्यांची लेखणी खुललेली दिसते. फोनची झडती आणि खिशातल्या इतर वस्तूंची झडती सारखीच मानणं म्हणजे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची सफर एकच मानण्यासारखं आहे, असं ते लिहितात. आणखी एके ठिकाणी म्हणतात, की मंगळावरून कुणी आलं तर त्याला फोन हा माणसाच्या शरीराचाच महत्त्वाचा भाग वाटेल.

गंमत बाजूला ठेवू, कारण खरं बळ युक्तिवादात आहे. फोनमधली माहिती पोलिसांवर गोळी झाडत नाही. ती दुरून पुसली जाईल अशी भीती असेल, तर फोन बंद करा, किंवा लहरी अडवणाऱ्या साध्या पिशवीत ठेवा. वॉरंटला फार वेळ लागतो म्हणता? एका ठिकाणी पोलीस न्यायाधीशाला आयपॅडवर अर्ज पाठवतात आणि १५ मिनिटांच्या आत सही होऊन येते, असा दाखला निकालपत्रातच आहे. शेवटी न्यायालयाने पोलिसांना सांगितलं ते अगदी थोडक्यात : वॉरंट घ्या. जिवावर बेतलेला प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी.

याच निकालात बोस्टनमधलं २००७ चं आणखी एक प्रकरण होतं, आणि मला ते रायलीपेक्षा बोलकं वाटतं. फोन साधा, घडीचा. ठाण्यात ठेवलेला असताना त्यावर सारखे कॉल येत होते, आणि बाहेरच्या छोट्या पडद्यावर ‘माझं घर’ अशी अक्षरं उमटत होती. पोलिसांनी फोन उघडला, दोन बटणं दाबून नंबर मिळवला, नंबरावरून पत्ता काढला. मग त्या घराच्या झडतीसाठी मात्र त्यांनी रीतसर वॉरंट मागितलं! घराला उंबरठा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

[दृश्य : शहराबाहेरचा मोबाइल टॉवर. खाली रस्त्यावरून जाणारी रहदारी.]

रायलीच्या निकालाने खिसा सुरक्षित झाला. पण फोन खिशात असतानाही आपल्याविषयीची माहिती दुसरीकडे साठत असते. फोन दिवसभर जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवतो, आपण कुणाला कॉल केला नाही तरी. कोणता फोन, कोणता टॉवर, टॉवरची कोणती बाजू, किती वाजता, याची नोंद कंपनीकडे होते आणि काही वर्षं टिकते.

२०११ साली डेट्रॉइटमध्ये दरोड्यांच्या प्रकरणात चौघांना अटक झाली. त्यांतल्या एकाने कबुली दिली, की चार महिन्यांत मिशिगन आणि ओहायोमधली नऊ दुकानं लुटली. साथीदारांची नावं आणि नंबरही त्याने दिले. त्यांत टिमोथी कार्पेंटरचा नंबर होता. पोलिसांनी त्याच्या फोन कंपन्यांकडून नोंदी मागवल्या. त्यासाठी न्यायाधीशाचा आदेश घेतला खरा, पण तो वॉरंटइतकं सबळ कारण न मागणारा, हलक्या कसोटीचा आदेश होता. हाती आली १२७ दिवसांची माहिती : १२,८९८ ठिकाणं, म्हणजे दिवसाला सरासरी १०१. चार दरोड्यांच्या वेळी फोन त्या दुकानांच्या परिसरात होता, असं त्यातून दिसलं. लुटलेला माल कोणता? बहुतेक मोबाइल फोनच.

सरकारची बाजू लंगडी मुळीच नव्हती. १९७६ आणि १९७९ च्या दोन निकालांनी ठरवून दिलं होतं, की बँकेला किंवा फोन कंपनीला आपण आपणहून दिलेल्या माहितीवर गोपनीयतेचा हक्क राहत नाही. तुम्हीच तिसऱ्याला सांगितलंत, तर तो पोलिसांना सांगेल ही जोखीमही तुमचीच. १९७९ च्या प्रकरणात मामला एका माणसाने फिरवलेल्या नंबरांचा होता. त्याच तर्काने २०११ मध्ये चार महिन्यांचं सगळं हिंडणं-फिरणं सरकारच्या हाती आलं.

२२ जून २०१८. यावेळी निकाल निसटता, पाच विरुद्ध चार. निकालपत्र पुन्हा रॉबर्ट्स यांचंच. फोन ही आज चैन राहिलेली नाही, आणि तो नुसता चालू असला तरी नोंद होते. मग इथे ‘आपणहून दिली’ असं कसं म्हणायचं? शिवाय पोलिसांना आता माणसाचा पाठलाग करावा लागत नाही. संशय आज आला, तरी ते मागे जाऊन तो पाच वर्षांपूर्वी कुठे होता ते बघू शकतात. म्हणजे संशय यायच्या आधीपासून प्रत्येकावर पाळत ठेवून झालेली असते. सात दिवसांच्या अशा नोंदीसुद्धा मागवणं म्हणजे झडतीच, तेव्हा वॉरंट हवं, असं बहुमताने ठरवलं.

सातच का, सहा का नाही, हे न्यायालयाने सांगितलं नाही. एका टॉवरवर ठरावीक वेळी असलेल्या सगळ्या फोनांची यादी मागवली तर काय, याचंही उत्तर दिलं नाही. आणि कार्पेंटरच्या हाती काय लागलं? काही नाही. नोंदी मागवल्या तेव्हाच्या कायद्यावर पोलिसांनी प्रामाणिकपणे विसंबून काम केलं होतं, म्हणून पुरावा ग्राह्य धरावा, असं अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. शंभराहून अधिक वर्षांची शिक्षा कायम राहिली. ज्याच्या नावाने हक्क ओळखला जातो, त्यालाच तो मिळाला नाही. या निकालांच्या इतिहासात हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही.

[दृश्य : नकाशा. त्यावर एक वर्तुळ, वर्तुळात चमकणारे ठिपके.]

याच सुमारास पोलिसांनी प्रश्नच उलटा केला. पूर्वी संशयित माहीत असायचा, त्याचं ठिकाण शोधायचं. आता ठिकाण माहीत असतं, आणि तिथे त्यावेळी कोण कोण होतं, हे गूगलला विचारायचं. २०१९ मध्ये व्हर्जिनियात एका पतसंस्थेवर दरोडा पडला. पोलिसांनी नकाशावर १५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून वॉरंट घेतलं. पहिल्या फेरीत १९ जणांच्या नोंदी आल्या. त्या वर्तुळात एक चर्चही होतं.

इथे वॉरंट आहे, सहीसुद्धा आहे. फक्त वॉरंटवर नाव नाही. १७९१ च्या आधीच्या त्या हुकुमांची आठवण न्यायाधीशांनाही झालीच. ऑगस्ट २०२४ मध्ये एका अपील न्यायालयाने अशी वॉरंटं घटनेत बसतच नाहीत असं सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने व्हर्जिनियातल्या आरोपीचं अपील मात्र फेटाळलं. दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं, की ही माहिती यापुढे वापरकर्त्याच्या फोनवरच राहील. न्यायालयांचा वाद रंगात असताना त्यातला मोठा भाग एका कंपनीने आपल्या सोयीने मिटवला. हे समाधानाचं आहे की काळजीचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणखी एक पळवाट आहे, आणि ती पैशांची. फोनवरच्या अनेक ॲपमधून लोकेशनची माहिती दलालांकडे जाते, आणि दलाल ती विकतात. सरकारी यंत्रणा अशी माहिती विकत घेतात, हे अमेरिकी गुप्तचर विभागाच्या २०२३ मध्ये खुल्या झालेल्या अहवालातच मान्य केलेलं आहे. जे मागायला वॉरंट लागतं, ते विकत घ्यायला लागू नये? हे बंद करणारं विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर झालं. सिनेटने ते मंजूर केलं नाही.

फोनचं कुलूप उघडायला आरोपीला भाग पाडता येतं का, यावर तर एकवाक्यता नाहीच. पासकोडबाबत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाही म्हटलं, न्यू जर्सीच्या न्यायालयाने २०२० मध्ये हो म्हटलं. बोटाच्या ठशाबद्दलही अपील न्यायालयांचं दुमत आहे.

[दृश्य : रस्त्याच्या कडेला उभा अधिकारी. पुढे केलेला हात.]

आणि एवढं सगळं बाजूला ठेवणारी एक अगदी साधी वाट आहे. अधिकारी विचारतो, ‘‘फोन बघू का?’’ समोरचा घाबरलेला असतो, किंवा लपवण्यासारखं काहीच नाही म्हणून बिनधास्त असतो. तो म्हणतो, ‘‘बघा.’’ संमती मिळाली की वॉरंट लागत नाही. नाही म्हणायचा हक्क आहे, हे पोलिसांनी आधी सांगितलंच पाहिजे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९७३ मध्येच ठरवलं आहे, आणि रायली किंवा कार्पेंटरच्या निकालाने त्यात काही बदललेलं नाही.